मदत हवी आहे: एसएफ-८६ मध्ये मिटलेलं कर्जही लिहायचं का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मी मेरीलँडमध्ये राहते, २०१९ पासून अमेरिकेची नागरिक आहे. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे. तिला सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. शुक्रवारपर्यंत त्यासाठीचा सरकारी फॉर्म, एसएफ-८६, भरायचा आहे आणि तीन दिवस मी सेक्शन २६ वर, म्हणजे पैशांच्या भागावर, अडकले आहे.

२०२१ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. आठ महिने घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं. भाडं आणि मुलाचं डे-केअर आधी, कार्डाचं बिल नंतर, असं करता करता दोन क्रेडिट कार्डं थकली. मिळून १४ हजार डॉलर, आणि दोन्ही वसुली एजन्सीकडे गेली. एक गेल्या वर्षी तडजोड करून मिटवलं. दुसऱ्याचे महिना २५० डॉलर चालू आहेत, एकही हप्ता चुकवलेला नाही.

ओळखीतले एक काका म्हणतात, "मिटलंय ना? मग कशाला उकरतेस?" आमच्या घरी कर्जाचा विषय चारचौघांत कधी निघाला नाही, त्यामुळे हे सरकारी फॉर्ममध्ये लिहिताना लाज वाटते. पण लपवलं तर झोप लागणार नाही.

शिवाय ठाण्याच्या फ्लॅटच्या कर्जाला मी भावाला जामीन आहे आणि आईबरोबर तिथे जॉइंट खातं आहे. ते कुठे लिहायचं?

प्रतिसाद १

दोन्ही कार्डं लिहा. प्रश्न नीट वाचा: गेल्या ७ वर्षांत एखादं देणं वसुली एजन्सीकडे गेलं होतं का, असं विचारलंय. आज बाकी आहे का, एवढंच नाही. काकांचा सल्ला इथेच चुकतो. तपासात तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवतातच, म्हणजे कार्डं त्यांना बहुधा दिसणारच. तुम्ही ती लिहिली नाहीत, एवढंच नवीन कळेल.

२०१७ पासून क्लिअरन्सचा निर्णय १३ निकषांवर (गाइडलाइन्सवर) होतो. कर्ज येतं गाइडलाइन एफमध्ये. त्यात नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशी हाताबाहेरची कारणं आणि नंतरची प्रामाणिक फेड जमेस धरतात. तुमच्याकडे दोन्ही आहे. लपवणं मात्र गाइडलाइन ईमध्ये जातं, तिथे प्रश्न तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हा असतो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हाही आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

टिप्पणीच्या रकान्यात नोकरी गेल्याची तारीख, तडजोडीचं पत्र, हप्त्यांच्या पावत्या यांचा उल्लेख करा. रडगाणं नको, तारखा द्या.

जामिनकीचं कर्ज वेळेवर फेडलं जात असेल तर सेक्शन २६ मध्ये येत नाही. थकलं असेल तर जामीनदारालाही लिहावं लागतं, तेव्हा भावाला आजच विचारा. ठाण्याचं खातं सेक्शन २० ए मध्ये, परदेशी आर्थिक हितसंबंधांत.

प्रतिसाद २

माझ्याकडून एक जुनं कलेक्शन (वसुली एजन्सीकडे गेलेलं देणं) फॉर्ममध्ये लिहायचं खरंच विसरलं होतं. मुलाखतीला बसल्या बसल्या, अधिकाऱ्याने विचारायच्या आधी, मी स्वतः सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि पुढे गेला. क्लिअरन्स मिळाला. त्यांनी दाखवल्यावर कबूल केलं असतं तर त्याला तेवढी किंमत राहिली नसती. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट फुकट मिळतात, ते आधी काढा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्ट काढले. जुन्या अपार्टमेंटच्या विजेचं १८६ डॉलरचं बिल कलेक्शनमध्ये निघालं, मला पत्ताच नव्हता. आज भरलं, पावती ठेवली, आता तेही लिहितेय. भावाचे हप्ते वेळेवर चालू आहेत, त्याने बँकेचं स्टेटमेंट पाठवलं.