हनोईला फक्त खायला जायचंय, अनुभव सांगा

ऑक्टोबरमध्ये पुण्यातून आम्ही दोघं आणि आई निघतोय. बघण्याची ठिकाणं यूट्यूबवर ढिगाने आहेत, मला खाण्याचं सांगा. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही.

ओल्ड क्वार्टरमध्येच रहा, होआन किएम तळ्याजवळ, सगळं पायी होतं. फो (नूडल्सचं गरम सूप) सकाळी खा. बुन चा हे दुपारचं जेवण, निखाऱ्यावर भाजलेलं पोर्क, आंबटगोड पाणी, तांदळाच्या नूडल्स आणि ताटभर पाला. दुपारी हॉटेलवर झोपा काढाल तर हुकेल.

बुन चा ठीक, पण चा का सोडू नका! हळद लावलेला मासा, टेबलावरच शेगडी ठेवतात, तेलात मासा चुरचुरायला लागला की वरून शेपू आणि कांद्याची पात मुठीमुठीने टाकतात आणि जरा मऊ पडली न पडली की लगेच वाढून घ्यायचं. घरी शेपूची भाजी केली की मी बाहेर जेवतो, इथे मात्र परत मागून घेतला. सोबत माम तोम येतं, आंबवलेल्या कोळंबीचं तोंडीलावणं, वास जबरी आहे, नको असेल तर नुओक माम, म्हणजे फिश सॉस, मागा.

आईंसाठी 'चाय' लिहिलेली हॉटेलं शोधा, ती शाकाहारी असतात, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, त्यामुळे कालनिर्णय बघून तिकीट काढलं तरी चालेल :) साध्या हॉटेलात मात्र नुसती लसणावर परतलेली भाजी दिसली तरी त्यात फिश सॉस असू शकतो, विचारल्याशिवाय घेऊ नका.

एग कॉफी काफे ज्यांगची. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून पिवळं बलक फेटून घातलं, तिथून सुरू झाली. कॉफी कडक, वरचा फेस गोड. आईंना नारळाची थंड कॉफी द्या.

ऑक्टोबर म्हणजे कोम मिळेल की! कोवळा भात भाजून कांडतात, हिरवे पोहेच म्हणा, कमळाच्या पानात बांधून देतात. आपल्या हुरड्यासारखं, सीझन गेला की गेलं. आईंना चालेल, आधी तेच शोधा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, सिंगल एंट्री 25 डॉलर. आणि 20 हजार डोंगची नोट निळी, 5 लाखाचीही निळीच, तेव्हा रात्री ठेल्यावर पैसे देताना शून्यं मोजा.