मदत हवी आहे: बाराच्या बारा हाडं गायच कशी??

हाडकी_पोरगी: शुक्रवारी परत मशीनचा स्लॉट आहे म्हणून घाईत विचारतेय. कुठलं हाड कुठल्या प्राण्याचं ते ओळखायचंय. हाडांचे १२ तुकडे, ट्रिप्सिनने (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) त्यांतलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, तोडून माल्डीवर (प्रथिनाच्या तुकड्यांचं वजन मोजणारं मशीन) टाकले आणि सगळे गाय. १४२७, २१३१, २८५३, ३०३३, सगळीकडे त्याच वजनांचे पीक (आलेखातले सुळके). त्यात एक जबडा दातांसकट आहे, आंधळ्यालाही कुत्र्याचा कळेल, तोसुद्धा गाय!! काय चुकतंय?

चुनाभट्टी: हाडं कुठली, किती जुनी, भाजलेली का, ब्लँक (हाड न घालता चालवलेली ट्यूब) लावलास का? काहीच लिहिलं नाहीस, आम्ही काय पोपट घेऊन बसलोय?

हाडकी_पोरगी: भाजलेली नाहीत. ब्लँक साफ, फक्त ट्रिप्सिनचे स्वतःचे ८४२ आणि २२११. हाडं सरांच्या कपाटातल्या जुन्या पेटीतली, देशावरची.

जीन्सपँट: डायरेक्ट डीएनए करा ना.

चुनाभट्टी: आपल्या उकाड्यात डीएनए आधी जातो, कोलॅजन जास्त टिकतं. डेनिसोव्हा गुहेतले २ हजारांवर तुकडे असेच चाळले तेव्हा माणसाचा एक सापडला, डीएनए नंतर.

जीन्सपँट: ते सायबेरिया हो, फ्रीजच तो.

मुलुंडचा_मामा: आमचा खाटीक बोकड सांगून मेंढी देतो असा संशय आहे, यावर कळेल का?

चुनाभट्टी: कळेल, शेळीला ३०९३ येतो, मेंढीला ३०३३. पण नर-मादी कळत नाही, म्हणजे बोकड की म्हातारी शेळी हे भांडण तसंच.

हाडकी_पोरगी: मामा प्लीज!!

जुनी_पेटी: ब्लँक साफ, म्हणजे गाय लॅबमधली नाही, हाडावरच बसलीये. तुकडे चकचकीत आहेत का?

हाडकी_पोरगी: हो, सरस लावलाय ना, तुटू नयेत म्हणून. जुन्या हाडांना असतोच की.

जुनी_पेटी: अगं बाई, हे आधी नको सांगायला! सरस म्हणजे गुरांची कातडी-हाडं उकळून काढलेलं कोलॅजनच. हाडाचं स्वतःचं उरलंय चिमूटभर आणि सरस भरपूर, मशीनला तोच दिसणार. वरचा थर खरवड, कोमट पाण्याने दोन-तीनदा धू, ते पाणी फेक, आतलं घे. नुसता सरसही एका ट्यूबमध्ये चालव. कुत्रा असेल तर १४५३ आणि २९९९ दिसायला हवेत.

हाडकी_पोरगी: आत जायला ड्रिल नाहीये. दातांच्या डॉक्टरचं चालेल?

जुनी_पेटी: चालेल, टोक नवीन घे.

मुलुंडचा_मामा: भाचा डेंटिस्ट आहे, इथेच स्टेशनजवळ. सांगतो त्याला. मेंढीचं तेवढं बघा.