चाळिशीनंतर कातडी घट्ट झाली : मलम पुरेल की सुंता?

प्रश्न :
वय 46. शिश्नाची पुढची कातडी आजवर सहज मागे जायची, चार महिन्यांपासून आवळल्यासारखी झालीय. मागे घेतली की कडेला बारीक चिरा पडतात, लघवीने चुरचुरतात. मेडिकलमधल्या खाजेच्या मलमाने आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सुंताच करावी लागते का?

प्रतिसाद 1 :
आधी शुगर तपासा, उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). चांगली मागे जाणारी कातडी या वयात चिरायला लागली तर पहिला संशय मधुमेहावर. साखर लघवीतून उतरते, कातडीखाली बुरशी वाढते. मधुमेह असून डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटेच काढतात. मनाने बंद मात्र करू नका. आणि ते मलम थांबवा, खाज दबते पण मूळ दुखणं झाकलं जातं.

प्रतिसाद 2 :
लगेच सुंता नाही. संसर्ग बरा झाल्यावर डॉक्टर बहुधा बीटामेथासोन 0.05 टक्के हे स्टेरॉइड मलम देतात, दिवसातून दोनदा, 4 ते 8 आठवडे. लोक ते मुंडावर (शिश्नाच्या टोकावर) चोपडतात, तिथेच चुकतं. पातळ थर आवळलेल्या कड्यावर लावायचा. मग ताण जाणवेल इतकीच कातडी मागे, दुखायच्या आत थांबायचं. जोर केला की चीर पडते, ती भरताना व्रण होतो आणि कडं आणखी आवळतं. साबण नको, नुसतं कोमट पाणी.

कडं पांढरट आणि कडक झालं असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो. तो मूत्रमार्गाचं तोंडही अरुंद करतो, म्हणून यूरॉलॉजिस्टच गाठा. तिथे बरेचदा सुंताच करावी लागते. काढलेली कातडी बायोप्सीला पाठवायला सांगा. लघवीच्या वेळी कातडी फुगणं, धार बारीक होणं, गाठ किंवा न भरणारी जखम, यातलं काहीही असेल तर मलमात वेळ घालवू नका.

प्रश्नकर्ता :
आणि मागे गेलेली कातडी अडकलीच तर?

प्रतिसाद 3 :
मग सकाळची वाट बघायची नाही. सुजलेला भाग मुठीत धरून 5 ते 10 मिनिटं सलग दाबा. सूज उतरली की दोन्ही अंगठ्यांनी मुंड आत ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढा. जमलं नाही किंवा मुंड निळसर-काळं दिसलं तर थेट इमर्जन्सीत. कॅथेटर लावलेल्या म्हाताऱ्या रुग्णांतही हे होतं : नळी घालताना मागे घेतलेली कातडी तशीच राहून जाते. नळी घातल्यावर आणि रोज पुसून घेतल्यावर ती पुढे आणलीय ना, ते घरच्यांनी बघावं.