मदत हवी आहे: लिब्रवुल्फमध्ये वेळ साडेपाच तास मागे
दादरच्या वाचनालयातले चार जुने पीसी, ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट (ऑपरेटिंग सिस्टिम). क्रोमने मॅनिफेस्ट व्ही२ (एक्स्टेन्शनची जुनी पद्धत) बंद केल्यावर जाहिराती अडवणारं मूळ यूब्लॉक ओरिजिन गेलं, म्हणून लिब्रवुल्फ हा फायरफॉक्सवर आधारलेला ब्राउझर टाकलाय. त्यात यूब्लॉक आयतंच येतं.

अडचण अशी की काही साइटवर मुंबईची वेळ साडेपाच तास मागे दिसते. बुकिंगचे स्लॉट तर पार चुकतात. कारण कळलंय: 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' (साइटला आपला पीसी ओळखता येऊ नये म्हणून असलेलं सेटिंग) चालू असतं आणि ते साइटला टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, सांगतं. ते पूर्ण बंद केलं की वेळ बरोबर येते, पण कॅनव्हासचं (साइट चित्र रेखाटून पीसी ओळखते त्यापासूनचं) संरक्षणही जातं. एक्झेम्प्टेड डोमेन्समध्ये (वगळायच्या साइटची यादी) साइट टाकली तर ती साइट या सेटिंगच्या सगळ्याच संरक्षणातून सुटते.

अबाउट:कॉन्फिगमध्ये (ब्राउझरचं प्रगत सेटिंगचं पान) रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग बंद करून फिंगरप्रिंटिंग प्रोटेक्शन हे वेगळं सेटिंग चालू करायचं आणि त्याच्या ओव्हरराइड्समध्ये 'ऑल टार्गेट्स' अधिक, 'जेएस डेट टाइम यूटीसी' उणे द्यायचं (म्हणजे सगळी संरक्षणं चालू, फक्त वेळ बदलणारं बंद), हे कुणी रोज वापरतंय का? अपडेटनंतर टिकतं का? चारही पीसींवर एकदम कसं लावायचं?

ब्राउझर बंद करताना कुकीज पुसल्या जातात, ते इथे हवंच आहे. पेल मून ब्राउझर सुचवू नका, त्यात वेबएक्स्टेन्शन (आजकालची ब्राउझर एक्स्टेन्शन) चालत नाहीत. फाल्कन ब्राउझरही नको, आत क्रोमियमच (क्रोमचाच पाया) आहे.