भोंगा चुकला, तर शेवटचा शब्द कोणाचा?

मूळ मुद्दा:
बास्केटबॉलमध्ये घड्याळाची किंवा भोंग्याची चूक झाली, तर ती मैदानावरच्या पंचांनीच, तिथल्या तिथे आणि नियमाच्या आधाराने सुधारावी. बाहेरच्या कोणाही अधिकाऱ्याला, त्याचे पद कितीही मोठे असो, त्यात हात घालू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला अंतिम सामना पाहा. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेले मोकळे फेक) साधून अमेरिकेला ५०-४९ अशी आघाडी मिळवून दिली. दुसरा फ्री थ्रो चालू असतानाच भोंगा वाजला होता. आपण मागितलेला टाइमआउट (खेळातील छोटा विराम) डावलला गेला, अशी तक्रार सोव्हिएत संघाने केली आणि त्या गडबडीत पंचांनी एक सेकंद शिल्लक असताना खेळ थांबवला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स पुढे आले आणि त्यांनी तीन सेकंद परत द्यायला लावले. नियमाने तो अधिकार त्यांचा नव्हताच.

उत्तर १:
जोन्स यांच्याबद्दलचा आक्षेप मान्य आहे, पण त्यापुढचे आपण सांगितले नाही. घड्याळ तीन सेकंदांवर लावणे पुरे होण्याआधीच चेंडू खेळात आला, भोंगा वाजला आणि अमेरिकन खेळाडू जल्लोष करू लागले. तो भोंगा ग्राह्य धरला असता, तर टेबलावरच्या, म्हणजे घड्याळ आणि गुण सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, चुकीची किंमत एका संघाने मोजली असती. भोंगा वेळ संपल्याची खूण आहे. वेळ संपली नसेल, तर त्या खुणेला अर्थ नाही. म्हणून शेवटचे क्षण तिसऱ्यांदा खेळवणे योग्यच होते, आणि सोव्हिएत संघाच्या येदेश्कोचा लांब पल्ल्याचा पास झेलून बेलोव्हने केलेली ५१-५० ची बास्केट मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

मूळ लेखक:
तिसऱ्या प्रयत्नापुरते आपले म्हणणे मला पटते. परंतु तो प्रयत्न ज्या तीन सेकंदांसाठी झाला, ती मुळात कोणी दिली? मुख्य पंच रेनातो रिगेट्टो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला, अपील समितीने ३-२ मतांनी अमेरिकेचा दावा फेटाळला आणि अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य पंचाची सही होईपर्यंत घड्याळाची चूक सुधारता येते, म्हणजे मैदानावर शेवटचा शब्द त्याचाच. हाच नियम मला हवा आहे.

उत्तर २:
पंचांच्या लक्षातच न आलेल्या चुकीचे काय? अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये सहा फाउल झाले की खेळाडू बाद होतो. डिसेंबर २००७ मध्ये अटलांटा येथे मायामी संघाच्या शकील ओनीलचे पाचच फाउल झालेले असताना टेबलाने सहा मोजले आणि त्याला बाहेर बसवले. एनबीएने मायामीचा आक्षेप मान्य करून अतिरिक्त वेळेतील शेवटचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले. सामन्यानंतरही दाद मागता आली पाहिजे.

मूळ लेखक:
ते ५१.९ सेकंद ८ मार्च २००८ रोजी खेळले गेले, तोवर ओनील फीनिक्स संघात गेला होता. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच मैदानावर नव्हता. मैदानावर झालेली परिस्थिती नंतर कधी तशीच्या तशी मांडता येत नाही, म्हणून पंचांनी टेबलाशी जाऊन, गुणपत्रक आणि घड्याळ दोन्ही तपासून, मगच चेंडू हाती द्यावा. प्रेक्षक कितीही ओरडोत, या तपासणीच्या दोन मिनिटांत घाई करू नये.

उत्तर १:
यावर आपले एकमत आहे. म्युनिकलाही चेंडू देण्याआधी पंचांनी घड्याळाकडे एकदा पाहिले असते, तर निदान मधला भोंगा वाजला नसता.