हापूसचा पिवळा: कॅडमियम घ्यावा की हन्सा?

प्रश्न (वेंगुर्ले)

आढीतून नुकत्याच काढलेल्या हापूसचे चित्र मी तैलरंगात करीत आहे. आतापर्यंत हन्सा पिवळ्यावर भागविले. परंतु तो अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचा तपकिरी थर वर डोकावतो आणि आंब्याला हवे ते भरीवपण येत नाही. कॅडमियम पिवळा चांगला झाकतो, पण तो विषारी असल्याचे ऐकते. माझी रंगकामाची खोली माजघराला लागून आहे, घरात तीन वर्षांचा भाचा आहे आणि पावसाळ्यात खिडक्या बहुतेक वेळ बंदच राहतील. अशा घरात तो वापरावा का?

उत्तर (रत्नागिरी)

ताई, कॅडमियमचा खरा धोका श्वासावाटे आणि पोटात जाण्याचा आहे. जवसाच्या तेलातला ओला रंग त्वचेतून फारसा शिरत नाही. सुकलेल्या थराची धूळ मात्र घातक असते. मी एकदा असा थर पॉलिश पेपरने कोरडाच घासला होता. संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरविले, तर बोटाला हळदीसारखी पूड लागली! तेव्हापासून घासणे, फवारणे आणि कोरडी पूड घोटणे हे तिन्ही मी पूर्णपणे बंद केले.

ट्यूबवर नावाऐवजी रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीवाय (PY) म्हणजे 'पिगमेंट यलो', पिवळे रंगद्रव्य. पीवाय ३५ किंवा ३७ म्हणजे खरा कॅडमियम. पीवाय ३४ म्हणजे क्रोम पिवळा. त्यात शिसे आहे, तो घरात आणूच नका. लहान मूल वावरते म्हणून मी तुम्हाला बिस्मथ पिवळा, म्हणजे पीवाय १८४, सुचवीन. तो चांगला झाकतो, त्यात कॅडमियम किंवा शिसे नसते. किंचित हिरवट वाटला, तर त्यात हन्साची उबदार छटा, पीवाय ६५, मिसळावी.

उत्तर (देवगड)

रंगाइतकीच काळजी टर्पेंटाइनची घ्या, कारण बंद खोलीत त्याची वाफ साचून डोके दुखते. कुंचला आधी जुन्या वर्तमानपत्राला पुसून, मग करडईच्या तेलात घोळवून साबणाने धुतला, तर टर्पेंटाइन लागतच नाही. पुसलेले कागद आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढीग करू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवते. रंगाचे धुवण मोरीत ओतू नये, कारण आपल्याकडे मोरीचे पाणी माडाच्या आळ्यात जाते आणि विहीरही जवळच असते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. बिस्मथच मागविते. परंतु गेल्या वर्षीच्या एका चित्रात कॅडमियम वापरला आहे. इथल्या दमट हवेत तो टिकेल का?

उत्तर (रत्नागिरी)

नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या 'द स्क्रीम' या चित्राच्या सुमारे १९१० च्या आवृत्तीतला कॅडमियम पिवळा मुख्यतः ओलाव्यामुळे बिघडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अर्थात त्या रंगात अशुद्धी होती आणि आजचा चांगला रंग त्याहून स्थिर असतो. तरीही पावसाळ्यात ओल धरणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला चित्र टेकवू नका. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मधून हवा खेळती राहील.