मदत हवी आहे: कॅनरी गात नाही, रात्री टिकटिक आवाज येतो (डिचोली, गोवा)

पागोळी | १२ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडे चार कॅनरी होत्या, आता तीन आहेत. पक्षी बाबांचे. जहाजावर होते तेव्हापासून त्यांना हा नाद. आता वय ७९, गुडघ्यांमुळे बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पलीकडे फारसे जात नाहीत. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पोंप पोंप वाजला की मागोमाग नर गायला लागायचा, तेव्हा बाबा उठायचे.

तो पिवळा नर गेले बारा दिवस गायलेला नाही. दिवसभर पिसं फुगवून बसतो, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होते, मधूनच चोच दांडीला घासतो. मागच्या मंगळवारी मादी गेली. आदल्या संध्याकाळी ती दाणे खात होती (खात नव्हती, नुसती चिवडत होती, हे आता कळतंय), सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली.

काल रात्री लाइट गेली. पंखा, फ्रीज सगळं गप्प झाल्यावर टिक... टिक... ऐकू आलं. वाटलं पाल असेल. मग पिंजऱ्याला कान लावला. प्रत्येक श्वासाला एक टिक.

पिंजरा बाल्कांवात कौलांखाली टांगलेला असतो. झड आत येते म्हणून तीन बाजूंनी प्लॅस्टिक बांधलं, आत ४० वॅटचा बल्ब लावला. पाण्यात अडुळशाचा रस घातला. पक्ष्यांच्या दुकानातून पिवळी पावडर आणली, पाच दिवस झाले, फरक शून्य. शेजारच्या काकी म्हणतात ब्रँडीचा थेंब दे. जवळच्या दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, "कुत्रा असेल तर आणा."

थंडीच लागलीय ना त्याला? काय करू?

राळ्याचा डबा | १३ जुलै, सकाळी ६.१५

ताई, मी मडगावचा, वीस वर्षं कॅनरी पाळतोय. ब्रँडी अजिबात नको. वीस ग्रॅमच्या पाखराला एक थेंबही जड जातो. अडुळसाही बंद करा. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो.

थंडीचं म्हणाल तर आपल्याकडे जुलैत पारा सहसा २४ च्या आसपास थांबतो. कॅनरीला ती थंडी नव्हे, युरोपात लोक याहून गार हवेत सांभाळतात. आपल्याकडे त्यांना मारते ती ओल, वाऱ्याचा झोत आणि कोंदट हवा. रागावू नका, पण प्लॅस्टिक बांधून तुम्ही झड बाहेर ठेवलीत आणि ओल आत कोंडलीत. ते आजच काढा. पिंजरा आतल्या खोलीत न्या, भिंतीला चिकटवू नका (पावसात आपल्या भिंती पाझरतात), आणि स्वयंपाकघरात तर नकोच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत जातो.

आता ऊब. निरोगी पक्ष्याला नको, आजाऱ्याला हवीच. पिसं फुगवतो म्हणजे अंगातली ऊब धरून ठेवायला धडपडतोय. त्याला वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात घ्या, तीन बाजूंनी सुती कापड घाला, बल्ब बाहेरून आणि एकाच टोकाला लावा. त्या टोकाला ३० अंशांच्या आसपास हवं, दुसरं टोक गार, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरले तर बल्ब मागे घ्या. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवा.

दोन गोष्टी सांगा. पिंजऱ्याखाली पिसं पडतात का? पिसं झडण्याच्या दिवसांत नर तसाही गप्प होतो. आणि छातीचं मधलं हाड बोटाला कसं लागतं? सुरीच्या धारेसारखं लागलं तर तो बरेच दिवस उपाशी आहे.

सांजवात | १३ जुलै, सकाळी ९.०२

माझ्या लव्हबर्ड्सना सर्दी झाली की मी कापराची वडी पिंजऱ्याला बांधते आणि संध्याकाळी धूप फिरवते. छान मोकळं होतं. करून बघा.

राळ्याचा डबा | १३ जुलै, सकाळी ९.२०

नका हो. कोळशाच्या खाणीत कॅनरी का नेत होते? विषारी वायू माणसाच्या आधी तिला लागतो म्हणून. ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत नेत होते. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, आत आलेल्या हवेतलं सगळं तो आपल्यापेक्षा पटकन ओढून घेतो. कापूर, धूप, डासांची कॉइल, सगळं त्यातच आलं.

गुरांचा डॉक्टर (व्हायचाय) | १३ जुलै, दुपारी १.३०

पशुवैद्यकीय शिकतोय, शेवटचं वर्ष. पक्षी पाहिल्याशिवाय निदान करणार नाही, पण श्वासागणिक टिक, गाणं बंद, चोच घासणं आणि शेपूट हलणं हे सगळं एकत्र म्हटलं की पहिला संशय श्वासनलिकेतल्या माइट्सचा (अगदी बारीक किडे). हवेच्या पिशव्यांतही राहतात, कॅनरी आणि गोल्डियन फिंचमध्ये नेहमीचे. एकाच पाण्याच्या भांड्यातून, एकमेकांना भरवताना पसरतात. छातीत संसर्ग किंवा बुरशी असली तरी असंच दिसू शकतं, म्हणून दाखवायलाच हवं.

पावडरच्या पाकिटावर काय लिहिलंय?

माइट्सवर आयव्हरमेक्टिनचा थेंब मानेच्या कातडीवर टाकतात. पण गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन घरी वापरू नका. त्याच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं आणि वीस ग्रॅमच्या पक्ष्याला त्याचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही. पातळ करणं डॉक्टरचं काम.

पागोळी | १३ जुलै, रात्री १०.१०

प्लॅस्टिक काढलं. आतून हात फिरवला तर बोटं ओली झाली. लाज वाटली.

पिसं पडत नाहीत. हाड लागतं, अगदी धारदार नाही. किचनच्या काट्यावर डबी ठेवून शून्य केलं आणि त्याला त्यात बसवलं: १६ ग्रॅम. आधीचं वजन माहीत नाही, कधी केलंच नव्हतं.

पाकीट नाही. कागदाच्या पुडीत बांधून दिली होती.

गुरांचा डॉक्टर (व्हायचाय) | १३ जुलै, रात्री १०.४५

नाव नसलेलं औषध बंद. अँटिबायोटिक असलं तरी माइट्सना त्याने काही होत नाही. आणि पुढे डॉक्टरने डॉक्सिसायक्लिन वगैरे दिलंच तर तेवढे दिवस समुद्रफेस (चोच घासायला पिंजऱ्यात लावतात तो पांढरा तुकडा) काढून ठेवा, त्यातलं कॅल्शियम औषध शोषूच देत नाही. वजन रोज सकाळी, खाण्याआधी. दीड ग्रॅम उतरलं तरी वाट बघू नका, लगेच दाखवा.

पागोळी | १५ जुलै, रात्री ९.३०

म्हापशाला पक्षी बघणारे डॉक्टर मिळाले. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून नेला, पावसात गाडीच्या काचाही खाली करता येईनात. डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला, मानेची पिसं स्पिरिटच्या बोळ्याने ओली करून बाजूला केली आणि मागून बारीक टॉर्च धरली. मान लालसर उजळली आणि नळीत मोहरीहून कितीतरी लहान काळे ठिपके. एक हलला. मला अजून ते डोळ्यासमोरून जात नाही.

थेंब टाकला. बारा दिवसांनी परत. उरलेल्या दोघांनाही दिला, दिसायला ते ठणठणीत आहेत तरी. पहिले एकदोन दिवस त्रास वाढू शकतो म्हणाले, मेलेले माइट्स नळीत अडकतात म्हणून.

त्यांनी दाण्यांचंही विचारलं. घरी येऊन राळ्याच्या डब्यात नाक घातलं तर ओल्या गोणपाटाचा वास.

राळ्याचा डबा | १६ जुलै, सकाळी ६.४०

सगळे टाका, वाळवून परत वापरायचा मोह नको. बुरशीचे कण तसेच राहतात आणि पक्ष्याच्या छातीत बसले की औषध महिनोन्‌महिने चालतं. पावसात आठवड्यापुरतेच दाणे आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. उकडलेलं अंडं, भिजवलेले दाणे दोन तासांत काढून घ्या. तळाचा कागद रोज बदला. आणि पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका, कॅनरीचा देवीचा रोग डासांतून येतो.

पागोळी | २८ जुलै, रात्री ८.५०

काल दुसरा थेंब झाला. टिकटिक पाच दिवसांपूर्वी थांबली, लाइट गेली की मी मुद्दाम कान लावते. वजन १८ ग्रॅम. गात नाही अजून. आज पोदेर आला तेव्हा दोनदा नुसतं "चीप" केलं, बाबा म्हणाले घसा साफ करतोय. सांजवात ताई, धूप आता बाहेर तुळशीपाशी फिरवते, राग नसावा.

अजून एक. चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) घराला रंग द्यायचाय, रंगारी ठरलाय. पिंजरा वरच्या खोलीत नेला तर चालेल?

राळ्याचा डबा | २८ जुलै, रात्री ९.१५

वरची खोली नाही, घरच नको. ताज्या रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पक्षी दुसऱ्यांकडे ठेवा. पावसात रंग लवकर वाळत नाही, दोन आठवडे धरा.

पागोळी | २८ जुलै, रात्री ९.२२

ब्रँडीवाल्या काकी ठेवून घेतील. पण त्यांच्याकडे मांजर आहे.

राळ्याचा डबा | २८ जुलै, रात्री ९.२४

मग रंगाऱ्यालाच पुढे ढकला.